2 लाख पळालेली डिझेल घेऊ की 72 हजारवाली?

पत्र थोडक्यात: एका ताईंचं पत्र आहे, नाव-गाव अर्थातच देत नाही. पहिलीच गाडी घेतायत, बजेट मोजकं आहे आणि कर्ज काढायचं नाही हे पक्कं. ऑफिस घरापासून 6 किलोमीटर. आई 300 किलोमीटरवर एकटी राहते, त्यामुळे महिन्यातून एकदा-दोनदा तिकडे जाणं होतं. "डिझेलचं इंजिन मरत नाही आणि ॲव्हरेजही चांगलं" म्हणून डिझेलच घ्यायची ठरलीये, आणि आता दोन गाड्यांवर घोडं अडलंय. पहिली 8 वर्षांची, 2 लाख 15 हजार पळालेली, एकच मालक, तो विक्री प्रतिनिधी म्हणून गावोगाव फिरायचा, सीट मळलेल्या आणि बंपरला ओरखडे, पण बिलांची जाडजूड फाइल आहे. दुसरी 9 वर्षांची, मीटरवर 72 हजार, मालक तिसरा, गाडी आतून-बाहेरून चकाचक, रेकॉर्ड मात्र "मागच्या मालकाकडेच राहिलं". किंमत जवळपास सारखीच. मोठा भाऊ म्हणतो 72 हजारवाली डोळे झाकून घे, 2 लाखाच्या वर गेलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो फाइलवाली घ्या, आणि जाता जाता "दोन्हीत डीपीएफ आहे हां" असंही म्हणाला, ते काय ते ताईंना कळलं नाही. त्या विचारतात, "कुणाचं ऐकू? आणि 2 लाखाच्या पुढे डिझेल गाडी अजून किती चालते?"

ताई,

भाऊ आणि मेकॅनिक यांचा वाद जरा बाजूला ठेवू, कारण त्याच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात कुणीच विचारलेला नाही, तुम्हीपण नाही. तुम्हाला डिझेल हवीच कशाला?

चिडू नका, हिशोब करून बघू. ऑफिसला जाऊन-येऊन 12 किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस 250 धरले तर झाले 3 हजार. आईकडची एक फेरी जाऊन-येऊन 600. महिन्याला एकदा गेलात तर वर्षाचे 7,200 आणि दोनदा गेलात तर 14,400. म्हणजे तुमचं रनिंग एकतर 10 हजारांच्या आसपास आहे नाहीतर 17 हजारांच्या पुढे, आणि या दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. समजा त्याच आकाराची पेट्रोल गाडी लिटरला 15 देते आणि डिझेल 20 देते. 10 हजाराला पेट्रोल लागेल साधारण 667 लिटर आणि डिझेल 500, वाचले 167 लिटर. 17,400 ला तोच फरक 290 लिटरवर जातो. आता तुमच्याकडे दोन्हीचा जो भाव असेल त्याने गुणून दोन्ही बिलं काढा, आणि मग त्या मेकॅनिकला विचारा की या मॉडेलचा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) गेला तर किती, चार इंजेक्टर (डिझेल फवारणारे) किती, क्लच आणि त्यामागची जड चकती, म्हणजे फ्लायव्हील, किती. वर्षाला 10 हजार पळणाऱ्या माणसाची दोन-तीन वर्षांची डिझेलची बचत असल्या एका कामात आरामात धुऊन निघते.

मग डिझेल घेऊच नको का? तसं नाही म्हणत मी. म्हणतोय एवढंच की मागच्या वर्षी आईकडे खरंच किती वेळा गेलात ते आठवून एका कागदावर लिहा, पुढे जायचा मनात विचार आहे तो नाही, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या. महिन्याला सरासरी दोनच्या जवळ असेल तर डिझेलला अर्थ आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. एकच होत असेल, त्यातही एखादा महिना चुकत असेल, तर त्याच पैशात साधी, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी बघा, डोक्याला ताप कमी.

आणि यात नुसता पैशाचा प्रश्न नाहीये, इथेच तो डीपीएफ येतो. सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर बसवलेला असतो, डिझेलच्या धुरातली काजळी तो अडवतो. भरत आला की गाडी आपणहून थोडं जास्तीचं डिझेल टाकून त्याला 600 अंशांच्या आसपास तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते, याला रिजनरेशन म्हणतात. हे व्हायला इंजिन पूर्ण तापलेलं लागतं आणि गाडी 15-20 मिनिटं तरी बऱ्यापैकी एका वेगात पळावी लागते. 6 किलोमीटरच्या ऑफिसात इंजिन जेमतेम तापतं तोवर तुम्ही पार्किंगला. असं आठ-दहा वेळा अर्धवट सुटलं की फिल्टर चोंदत जातो, शिवाय जाळायला म्हणून टाकलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग काही फार दिवस काढत नाही. म्हणजे शहरातल्या शहरात चालणाऱ्या माणसाने घेतलेली चांगली डिझेलसुद्धा दोन वर्षांत बिघडलेली डिझेल होऊ शकते, मग ती किती का कमी पळालेली असेना. तुम्ही महिन्यातून दोनदा हायवेला जात असाल तर फिल्टरची मोठी सफाई तिकडे होते, पण मधल्या दिवसांतही आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी बाहेर मोकळ्या रस्त्याला काढावी लागेल. ते डिझेल या हिशोबात धरा.

आता "डिझेलचं इंजिन मरत नाही" याबद्दल. हे वाक्य खोटं नाही, जुनं आहे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची 1976 ची मर्सिडीज 240 डी तब्बल 46 लाख किलोमीटर पळाली आणि 2004 मध्ये कंपनीने ती घेऊन म्युझियमला लावली, डिझेलचे भक्त हा किस्सा हमखास सांगतात. किस्सा खरा आहे, फक्त त्या प्रवासात गाडीची इंजिनं कितीतरी वेळा बदलली गेली हे सांगायचं सोयीस्कर विसरतात. शिवाय त्या 240 डी मध्ये टर्बो नव्हता, डीपीएफ नव्हता, कॉम्प्युटरने चालणारे इंजेक्टर नव्हते, बिघडायला फारसं काही ठेवलेलंच नव्हतं. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 मधून कॉमनरेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल पुरवायची पद्धत) कारमध्ये आलं, तेव्हा डिझेलचा दाब 1,350 बार होता, पुढे तो 2,000 च्याही वर गेला (आपल्या टायरमधली हवा सव्वादोन बार असते, म्हणजे अंदाज घ्या). एवढ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं जवळजवळ केसाएवढी बारीक असतात, डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला की तो भाग गेलाच. 2000 मध्ये प्यूजो 607 सोबत डीपीएफ आला, मग हळूहळू सगळीकडे. तर आजही खालचा ब्लॉक, क्रँक, पिस्टन दणकट असतात, नीट ऑइल मिळालेलं इंजिन 3-4 लाख किलोमीटर काढतं. खिसा रिकामा होतो तो इंजिनाच्या आजूबाजूला लटकलेल्या सामानामुळे. म्हणून "किती चालते" याचं उत्तर असं की इंजिन चालेल हो, तुम्ही सामानाचं विचारा.

आता भावाच्या म्हणण्याकडे येऊ. दादांची काळजी खरी आहे, चुकतंय ते मोजमाप. ते किलोमीटर मोजतायत, आणि इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, त्याला कळतं आपण किती तास फिरलो, किती वेळा थंडगार असताना उठवलं गेलो आणि ऑइल वेळेवर मिळालं का. विक्री प्रतिनिधीची गाडी सरासरी ताशी 70 ने फिरली असं धरलं तर 2 लाख 15 हजाराला झाले साधारण 3,070 तास. शहरातल्या गर्दीत सरासरी 20 चा वेग धरला तर 72 हजाराला 3,600 तास. म्हणजे मीटरवर एक तृतीयांश आकडा असलेली गाडी तासांच्या हिशोबात जास्त जुनी निघू शकते. पुन्हा गर्दीत चाललेली म्हणजे क्लच सारखा दाबलेला, रोज दोन-तीन वेळा थंड इंजिनाला सेल्फ मारलेला, डीपीएफ अर्धवट जळालेला. हायवेवाली गाडी सकाळी एकदा सुरू झाली की दुपारपर्यंत तापलेली, ऑइल गरम होऊन सगळीकडे पोचलेलं, टॉप गिअरमध्ये मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आसपास फिरणारं इंजिन. 8 वर्षांत 2 लाख 15 हजार म्हणजे वर्षाला 27 हजार, हे शहरात फिरून होणं अवघडच आहे.

72 हजारवालीबद्दल दोनच शक्यता आहेत. एक, आकडा खरा आहे. मग ती 9 वर्षांत दिवसाला सरासरी 22 किलोमीटर चाललीये, म्हणजे डीपीएफवाल्या डिझेलसाठी सगळ्यात वाईट वापर. वर टायमिंग बेल्टचा (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) मुद्दा आहे, जो लोक नेहमी विसरतात: बेल्ट रबराचा असतो, तो नुसता उभ्या गाडीतसुद्धा म्हातारा होतो, म्हणून बऱ्याच कंपन्या किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा देतात. 9 वर्षांचा पहिलाच बेल्ट असेल तर 72 हजारावर खूश होण्यात अर्थ नाही, डिझेलमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन वर जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि मग पूर्ण इंजिनचं काम निघतं. दुसरी शक्यता, आकडा खोटा आहे. मी कुणाला चोर म्हणत नाहीये, कदाचित आत्ताच्या मालकालाही माहीत नसेल, पहिल्या किंवा दुसऱ्याने मीटर मागे फिरवून दिला असेल. पण तिसरा मालक, रेकॉर्ड नाही, आकडा गोड आणि पॉलिश ताजं, हे सगळं एकत्र आलं की पुरावा त्यांनी द्यायचा असतो, आपण नाही.

तो आकडा तपासायचे साधे मार्ग आहेत. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, 72 हजाराला त्यावरच्या रेघा अजून दिसायला पाहिजेत, एका कोपऱ्यात घासून गुळगुळीत झालेलं असेल तर शंका घ्या, आणि जुन्या गाडीत पॅडलचं रबर एकदम कोरं करकरीत असेल तर जास्त शंका घ्या. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं वरचं चामडं, गिअरच्या गोळ्यावरचे आकडे. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, 3219 असेल तर 2019 सालच्या 32 व्या आठवड्यातला टायर, ते चारही टायरला सारखे आहेत का बघा. मेकॅनिककडून चांगला स्कॅनर लावून घ्या, काही गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही असते, आणि मीटर फिरवणारा तिथे पोचलेला नसतो. जुनी विमा कागदपत्रं, तपासणीचे दाखले, कुठल्याही तारखेला कुणी किलोमीटर लिहून ठेवले असतील तर ते मागा.

आता मेकॅनिकच्या बाजूने बोललो म्हणून फाइलवाली गाडी लगेच ओवाळून घरात घेऊ नका. 2 लाखाच्या पुढे काही गोष्टी येणारच आहेत, त्या आधीच्या मालकाच्या खर्चातून झाल्यात की तुमच्यासाठी ठेवल्यात हे शोधायचंय. डीपीएफमधली काजळी जळते पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती वर्षानुवर्षं साठते, आणि दीड-दोन लाखांच्या पुढे फिल्टर उतरवून धुवावा किंवा बदलावा लागू शकतो. क्लच आणि त्यामागचं ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील, इंजिन बंद करताना खालून खडखड ऐकू आली तर ते संपत आलंय. शॉकअप, बुश, व्हील बेअरिंग ही कामं किरकोळ वाटतात पण चारही चाकांची मिळून आकडा मोठा होतो.

आणि फाइल जाड आहे म्हणून चांगली असं नाही, ती वाचायची असते. चहा घेऊन बसा आणि बिलं तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते चढत गेलेत का? ऑइल किती किलोमीटरला बदललंय? 10-15 हजाराला बदललेलं असेल तर छान, मध्येच 40 हजारांची पोकळी असेल तर ते विचारा. ऑइल कुठल्या ग्रेडचं घातलंय, डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, कुठलंही स्वस्त चालत नाही. डिझेल फिल्टर किती वेळा बदललाय? आणि एकच तक्रार पुन्हा पुन्हा येतेय का ते बघा, दर सर्व्हिसला "कूलंट भरले" असं लिहिलं असेल तर ते कूलंट कुठेतरी जातंय ना, हेडगॅस्केट (इंजिनच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) गेलेला असू शकतो. एकदा टर्बो बदललेला असणं मला वाईट वाटत नाही, उलट बरं. फक्त का बदलला ते विचारा.

गाडी बघायला जाताना एक अट फोनवरच घाला: आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करायची नाही. पोचलात की आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट असेल तर सरळ म्हणा आम्ही उद्या सकाळी येतो, कारण थंड इंजिनाचा पहिला सेल्फ हीच डिझेलची खरी परीक्षा आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेल आपणहून पेटतं, त्यामुळे कॉम्प्रेशन कमी झालेलं असो, ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारी कांडी) गेलेला असो की इंजेक्टर गळत असो, ते थंडीत लपत नाही. चावी फिरवा, ग्लो प्लगचा पिवळा दिवा विझू द्या, मग सेल्फ मारा. एक-दोन सेकंदांत धडकन सुरू व्हायला पाहिजे. पाच-सहा सेकंद घर्र घर्र करून सुरू झाली, मग आधी थरथरली आणि डोळे झोंबणारा पांढरा धूर सोडला, तर तिथे काहीतरी आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोरात पाय दिला की काळा धूर, आणि गाडीत डीपीएफ आहे म्हणतायत, तर मग तो आत खरंच आहे का हा प्रश्न. त्याची तपासणी फुकट आहे: इंजिन सुरू करायच्या आधी सायलेन्सरच्या टोकात बोट घालून फिरवा. चालू डीपीएफ असलेल्या गाडीचं टोक आतून बऱ्यापैकी स्वच्छ असतं, बोट काळं कुळकुळीत बाहेर आलं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून पोकळ केलाय. "डीपीएफ काढून टाकलाय, आता टेन्शनच नाही" असं अभिमानाने सांगणारे विक्रेते भेटतात, तिथून निघा, बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे आणि प्रदूषण तपासणीत गाडी अडकली की निस्तरायचं तुम्हाला.

इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून हलकंच तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, वाफेसारखा धूर फुसफुसत झाकण उडायला लागलं तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे आतला दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोय, मग फाइल कितीही जाड असो, नमस्कार करा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं चिकट जमलंय का बघा, खालचं वॉशर गळत असेल तर तसं होतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर मघाशी म्हणालो ते डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं.

मग गाडी निदान 30-40 मिनिटं चालवा, गल्लीतली चक्कर नको. चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असताना पूर्ण पाय द्या, इंजिनचे फेरे वाढले पण गाडी उचलत नसेल तर क्लच घसरतोय. टर्बोची बारीक शिट्टी चालते, सायरनसारखा आवाज नाही. चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे, सुरुवातीला लागलाच नाही तर तो दिवा कुणीतरी मारून ठेवलाय. शेवटी स्कॅनरवर तीन गोष्टी मागा: डीपीएफमध्ये किती काजळी भरलीये, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि चारही इंजेक्टरचं करेक्शन (कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) सारखं आहे का. सगळे एरर कोड कालच पुसलेले दिसले तर तेही कळतं, आणि ते कशाला पुसले हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, फुकटच्या तपासणीला लोक फुकटचीच नजर देतात.

जाता जाता, तुमच्यासारख्या इतरांसाठीही: गाडीच्या मॉडेलपेक्षा आतल्या इंजिनाचं नाव शोधा. एकच इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसतं आणि त्याच्या खोडी सगळीकडे त्याच असतात. फोक्सवॅगनचं जुनं 1.9 टीडीआय टिकाऊ म्हणून ओळखलं जातं. प्यूजो-सित्रोन-फोर्डच्या जुन्या 1.6 एचडीआयमध्ये टर्बोला ऑइल पुरवणारी वाट चोंदून टर्बो जायचे. बीएमडब्ल्यूच्या एन47 मध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, ती झिजली की खर्च डोळे पांढरे करतो, म्हणजे "चेन आहे, बेल्ट नाही, काळजीच नको" हेही सरसकट खरं नाही. आणि तुम्ही राहता त्या शहरात, आईच्या शहरातही, जुन्या डिझेलला काही बंदी किंवा जादा शुल्क आहे किंवा यायचंय का ते आधी बघा, बऱ्याच मोठ्या शहरांत हे सुरू झालंय आणि त्यात गाडीची पुढची विक्री अडकते.

बजेटचं सांगतो. तुमच्याकडे जे पैसे आहेत ते सगळे गाडीच्या किमतीत घालू नका, पाचवा हिस्सा, जमलं तर चौथा, बाजूला काढा आणि उरलेल्यातच गाडी शोधा. घेतल्या घेतल्या ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल नवीन करायचं, बॅटरी आणि टायर बघायचे. डिझेलला बॅटरी मोठी लागते, तीही स्वस्त नसते. कंपनीने 20-30 हजाराला ऑइल बदला म्हटलं असेल तरी तुमच्या वापरात 10 हजार किंवा वर्ष, जे आधी होईल ते. घाटातून किंवा हायवेवरून आलात तर लगेच बंद न करता मिनिटभर टर्बोला थंड होऊ द्या, सकाळी थंड इंजिनाला जोरात पाय देऊ नका. आणि गाडी लावताना पंखा जोरात फिरतोय, आयडलचे फेरे नेहमीपेक्षा जास्त आहेत असं वाटलं तर रिजनरेशन चाललंय, जमत असेल तर अजून 10 मिनिटं फिरवून मग लावा.

दादांशी वाद घालू नका. त्यांना सोबत न्या आणि फाइल त्यांच्याच हातात द्या. दोन्ही गाड्यांवर एकाच दिवशी तोच स्कॅनर लावा, 72 हजारवालीपासून सुरुवात करा. ती सगळ्यातून स्वच्छ निघाली, पॅडल-सीट-टायर सगळं जुळलं, तर मी म्हणतो म्हणून सोडू नका, फक्त बेल्ट आणि डीपीएफच्या कामाचा खर्च किमतीतून उतरवून घ्या. नाही निघाली, आणि माझा कल तिकडेच आहे, तर फाइलवाली. दोन्ही नापास झाल्या तर महिनाभर थांबा, टोकन दिल्याशिवाय कुठलीच गाडी तुमची नसते आणि "आज अजून दोन गिऱ्हाईकं येणारेत" हे प्रत्येकालाच सांगतात.

एक काम आजच फोनवर होईल. फाइलवाल्या मालकाला विचारा की टायमिंग बेल्ट कधी आणि किती किलोमीटरला बदलला, आणि त्या बिलावर बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप लिहिलाय का, त्या बिलाचा फोटो पाठवा म्हणा. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू होताना तिचा आवाज मेकॅनिकला ऐकवा. बेल्ट आहे आणि बिलात नुसताच बेल्ट असेल तर ते काम अर्धवट झालंय, पूर्ण करायचा खर्च गॅरेजमधून विचारून ठेवा आणि बोलणी तो वजा करूनच सुरू करा.